मदत हवी आहे: अरायव्हल कंडिशनचे ड्राफ्ट जुळत नाहीयेत, आणि जीएम पास तरी कर्व्ह नापास

नमस्कार मंडळी, चीफ मेटच्या (जहाजावर कॅप्टननंतरचा डेक अधिकारी) परीक्षेची तयारी पुण्यात घरी बसून चालू आहे, आजूबाजूला विचारायला जहाजावरचं कोणी नाही म्हणून हा धागा. सुटी सुटी गणितं येतात, पण एकच जहाज डिपार्चरपासून अरायव्हलपर्यंत न्यायचं म्हटलं की कुठेतरी अडतंच.

जहाज जनरल कार्गो, एलबीपी (पुढच्या-मागच्या पर्पेंडिक्युलरमधली लांबी) १२० मी. अरायव्हलला, म्हणजे इंधन आणि स्टोअर्स १० टक्के उरलेत असं धरून, डिस्प्लेसमेंट (जहाजाचं एकूण वजन) ८,४०० टन. टेबलमधून ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती बुडालंय ती खोली) ५.४० मी, केएम (तळापासून मेटासेंटरची उंची) ८.००, एमसीटीसी (ट्रिम, म्हणजे पुढच्या-मागच्या ड्राफ्टमधला फरक, १ सेंमीने बदलायला लागणारा मोमेंट) १०५, एलसीबी (उत्प्लावन केंद्र) आफ्ट पर्पेंडिक्युलरपासून (जहाजाच्या मागच्या टोकाची संदर्भरेषा) ५७.७०, एलसीएफ (पाण्याच्या पातळीवरच्या क्षेत्राचं केंद्र) ५६.००. सगळी वजनं मांडून एलसीजी (गुरुत्वकेंद्र) आला ५६.३०. मग लिव्हर १.४०, मोमेंट ११,७६०, भागिले १०५, ट्रिम ११२ सेंमी बाय द स्टर्न (मागे जास्त बुडालेलं). इथपर्यंत पुस्तकाशी जुळतं. पण निम्मी निम्मी ट्रिम वाटली की माझं आफ्ट (मागचा ड्राफ्ट) ५.९६, फॉरवर्ड (पुढचा) ४.८४ येतं आणि उत्तरात ५.९२, ४.८० आहे. दोन्हीकडे चार सेंमी जास्तच, राउंडिंगने असं एकाच बाजूला जाणार नाही ना?

दुसरं जास्त छळतंय. केजी (तळापासून गुरुत्वकेंद्राची उंची) ७.४५, म्हणजे जीएम (केएम वजा केजी, स्थैर्याचं माप) ०.५५. डबल बॉटमची (दुहेरी तळातली) एक बॅलास्ट टँक (तोलासाठीच्या पाण्याची) स्लॅक (अर्धवट भरलेली) आहे, १२ मी लांब, १० मी रुंद, त्यामुळे १२ गुणिले १० चा घन भागिले १२ गुणिले १.०२५ असा फ्री सरफेस (टाकीत मोकळं हलणारं पाणी) मोमेंट १,०२५, करेक्शन ०.१२, उरला जीएम ०.४३. किमान ०.१५ लागतो, म्हणजे आरामात पास. पण जीझेड (कललेलं जहाज परत सरळ करणारा लिव्हर) कर्व्ह काढला तर ३० अंशांपर्यंतचं क्षेत्रफळ ०.०५७ (हवं ०.०५५) आणि ३० ते ४० मधलं फक्त ०.०२६ (हवं ०.०३०), त्यामुळे ४० पर्यंतची बेरीजही ०.०९० च्या खालीच. एवढा जीएम असून असं का होतं? आणि टँक रिकामी करू की भरू?

प्रतिसाद:
मित्रा, ट्रिम निम्मी करायची नाही, जहाज एलसीएफभोवती झुकतं आणि तुझा एलसीएफ मिडशिपच्या (जहाजाच्या मध्याच्या) चार मीटर मागे आहे. ११२ गुणिले ५६ भागिले १२० म्हणजे ५२ सेंमी आफ्टला वाढव, उरलेले ६० फॉरवर्डला कमी कर. बघ, ५.९२ आणि ४.८० येतात.

जीएम फक्त सुरुवातीच्या छोट्या कलण्याचं सांगतो. पुढे डेकची कड पाण्यात गेली की जीझेड भराभर पडतो, म्हणून फ्रीबोर्ड (पाण्यापासून डेकपर्यंतची उंची) कमी असलेल्या जहाजाचा जीएम चांगला दिसूनही ३० ते ४० मध्ये मार खातो. टँक रिकामी केलीस तर फ्री सरफेस जाईल पण तळाचं वजनही जाईल आणि केजी वर चढेल, म्हणून माझं मत प्रेस अप करायचं (काठोकाठ भरायची). फक्त भरून झाल्यावर डिस्प्लेसमेंट, ड्राफ्ट, केएम, ट्रिम सगळं नव्याने काढ कारण फ्रीबोर्ड आणखी कमी होतो. आणि टँक पूर्ण भरेपर्यंत फ्री सरफेस तसाच असतो, त्यामुळे मधल्या अवस्थेचा जीएमही तपासायचा, ओरलला हमखास विचारतात.

धागाकर्ता:
सर, मनापासून धन्यवाद, आफ्ट-फॉरवर्ड दोन्ही जुळले! टँक मधोमध लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बल्कहेडने (आतल्या भिंतीने) दोन भाग करून बघितली तर करेक्शन ०.१२ वरून ०.०३ वर येतंय, चौथाई, बरोबर ना? बाकी नवीन ड्राफ्टने कर्व्ह परत काढतोय. कोथरूड-कर्वेनगर भागात कोणी चीफ मेट सुट्टीवर असेल आणि एखादा रविवार सोबत बसायला तयार असेल तर प्लीज निरोप करा, वही घेऊन मी येतो.