बोटीच्या इंजिनची दुसरी चावी नागपुरात कुठे बनेल?

मदत हवी आहे. रामटेकजवळ खिंडसी तलावावर आमची छोटी बोट आहे, यामाहाचं जुनं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं) इंजिन. चावी एकच उरलीय. चिप वगैरे काही नाही, साधी चावी. तिच्यावर तीन आकडी नंबर आहे आणि तोच स्विचच्या तोंडावरही कोरलेला आहे.

सीताबर्डी आणि इतवारीतल्या चावीवाल्यांना दाखवून झालं. या खाचेचा कोरा तुकडा कोणाकडेच नाही. एकाने स्कूटरचा घासून बसवून दिला. तो आत जातो, ऑनपर्यंत फिरतो, पण स्टार्टला अडतो. जोर लावला नाही. आत तुटली तर असलेला स्विचही जायचा! शिवाय मूळ चावीचे दात झिजलेत, म्हणजे तिच्यावरून काढलेली नक्कलही झिजलेलीच निघणार. म्हणून नंबरावरून कापलेली हवी.

पूर्ण स्विच बदलायचा नाही, वायरिंग उघडावं लागेल. किल-स्विचची (ओढली की इंजिन लगेच बंद करणारी) लाल दोरी शाबूत आहे, तिचा प्रश्न नाही.

नंबरावरून चावी कापून देणारं नागपुरात कोणी आहे का? नसेल तर मुंबई-गोव्याच्या डीलरकडून मागवताना चावीचा नंबर पुरतो, की इंजिनचा सिरियल नंबरही लागतो?