पक्षाघातानंतर एरोबिक व्यायाम: नाडी वाढतच नाही, जोर वाढवायचा का?

डिचोलीकर:
बाबांचं वय ६२. पक्षाघाताला चार महिने झाले, डावी बाजू कमजोर. घरात काठीने चालतात, डावं पाऊल थोडं घासतं. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल आणि अॅम्लोडिपिन चालू आहे. डॉक्टरांनी एरोबिक व्यायामाला परवानगी दिली आहे. अॅप सांगतं, नाडी १०२ ते १२० ठेवा. बसल्या जागी ती ६४ असते आणि खुर्चीत बसून मारायच्या पेडल-सायकलवर दमले तरी ९५ च्या वर जात नाही. पावसामुळे अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ आहे आणि गेटबाहेर लगेच चढ, त्यामुळे बाहेरचं चालणं बंद. जोर वाढवायचा का?

फिजिओ, फोंडा:
वाढवू नका, ९५ ठीकच आहे. अॅपने कमाल नाडीसाठी २२० वजा वय हा हिशेब धरला आहे. मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर, तो नाडी वर जाऊच देत नाही. अशा रुग्णांसाठी कमाल नाडी १६४ वजा वयाच्या ०.७ पट धरतात, म्हणजे इथे साधारण १२०. त्यातून ६४ गेले, उरले ५६. त्याचे ४० ते ६० टक्के ६४ मध्ये मिळवले की ८६ ते ९८ येतात. अॅपची वरची हद्द ही बाबांची जवळजवळ कमाल नाडी आहे!

हे सूत्रही हृदयरुग्णांवरून काढलेलं, तेव्हा अंदाजच समजा. खरा भरवसा दमणुकीवर. ६ ते २० च्या बोर्ग मापनात (किती दमलो ते स्वतःच आकड्यात सांगायचं) ११ ते १४ हवं: पूर्ण वाक्य बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. नाडी अनियमित असेल (एट्रियल फिब्रिलेशन) तर आकड्याकडे बघूच नका.

पाच मिनिटं हलकं पेडल, मग ३ मिनिटं जोर आणि २ मिनिटं आराम, असे चार फेरे, शेवटी पुन्हा पाच मिनिटं हलकं. आठवड्यातून ३ ते ५ दिवस. जमू लागलं की आधी जोराची मिनिटं वाढवा, सलग २० पर्यंत न्या, पेडल जड करणारा स्क्रू त्यानंतर घट्ट करा. बहुतेक जण उलटं करतात आणि मग गुडघा दुखतो म्हणून सगळंच सोडतात. एकदम थांबूही नका, अॅम्लोडिपिनवर असताना दाब उतरून चक्कर येते.

डिचोलीकर:
डावा पाय पेडलवरून घसरतो. क्रेप बँडेजने बांधू?

रिहॅब, म्हापसा:
बांधा, पण टाचेसकट. नुसता चवडा बांधला तर घोटा आत वळतो. पेडल सर्वांत लांब असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. खुर्ची मागे असेल तर तो मागच्या बाजूला ताणला जातो. ती भिंतीला टेकवा आणि पेडलखाली रबरी मॅट घाला, नाहीतर गुळगुळीत लादीवर सायकल पुढे सरकत राहते. डावा हात उशीवर ठेवा. डाव्या बाजूकडे लक्ष जात नसेल तर तो कधी लोंबकळला हे त्यांना कळणारही नाही, आणि सैल खांदा ओढला जातो. काखेत धरून उठवणं तर अजिबात नको.

चांगला पायच सगळं काम करतो, हा नेहमीचा घोळ. 'डाव्याने ढकला' असं तोंडाने म्हणत राहा.

दाब उजव्या दंडावर मोजा, सुरुवातीला आणि संपल्यावर. बसून १८० किंवा खालचा ११० च्या वर असेल तर त्या दिवशी सुट्टी. डॉक्टरांनी वेगळी हद्द दिली असेल तर ती पाळा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असतील तर आधी साखर बघा, १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन मगच बसवा. इथल्या दमट हवेत तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो. सकाळी लवकर करा, पंखा लावा.

फिजिओ, फोंडा:
एक राहिलं. पेडलने दम वाढतो, चाल सुधारायला चालावंच लागतं. बल्कांवात किंवा पडवीत सरळ दहा मीटर मिळाले तरी पुरे, फक्त वळताना कोणीतरी डाव्या बाजूला हवं. पाऊस गेल्यावर मिरामारची वाळू नको, घासणारं पाऊल तिथे अडकतं. कांपालचा सपाट फुटपाथ बरा.

छातीत दुखलं, भोवळ आली तर तिथेच थांबा. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा नवी कमजोरी आली तर वेळ नोंदवा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मुदत साडेचार तासांची असते, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपर्यंतचा रस्ताही त्यातच धरायचा.