निम्म्या दरात काम करणाऱ्यांसमोर डिटेलिंगचा दर कसा टिकवावा?

प्रश्न

मी गाड्यांच्या डिटेलिंगचा स्वतंत्र व्यवसाय करतो. रंगावरचे ओरखडे काढणे, सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसवायचा टिकाऊ संरक्षक थर) आणि आतील सफाई ही माझी मुख्य कामे आहेत. गेल्या काही महिन्यांत जवळपास अशी अनेक दुकाने उघडली आहेत, जी माझ्या निम्म्याहून कमी दरात ‘संपूर्ण डिटेलिंग’ करून देतात आणि सकाळी घेतलेली गाडी दुपारी परत करतात. आता जुने ग्राहकही त्यांचे दरपत्रक मोबाइलवर दाखवून तेवढ्यातच काम करण्याचा आग्रह धरतात. दर उतरवला तर प्रत्येक गाडीला लागणारा वेळ परवडत नाही आणि न उतरवल्यास नवे लोक चौकशी करून निघून जातात. दर कमी करावा का? आणि कामातला फरक ग्राहकाला कसा पटवून द्यावा, की ज्यामुळे माझे बोलणे दुसऱ्याची निंदा ठरणार नाही?

प्रतिसाद १

निर्णय घेण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडावा, अशी माझी विनंती आहे. आपला दर १०० मानला आणि त्यातले ६० साहित्य, मजुरी, भाडे व वीज यांत जात असतील, तर हाती ४० उरतात. दरात २० टक्के सूट दिली की खर्च तेवढाच राहतो आणि उरणारी रक्कम ४० वरून थेट २० वर येते. म्हणजे तीच कमाई टिकवण्यासाठी दुप्पट गाड्या कराव्या लागतील, आणि आपल्या व्यवसायात नेमके तेच शक्य नसते, कारण आपण जे विकतो ते मुख्यतः माणसाचे तास असतात. सरसकट सूट देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. फरक दाखवण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

स्वस्त दुकान पैसे कुठे वाचवते, हे आधी समजून घ्यायला हवे. बहुतेक वेळा ते पूर्वतयारीत वाचवलेले असतात. रंगात रुतलेले लोखंडाचे कण रसायनाने सोडवणे, मग क्ले बार (चिकटलेली घाण उचलणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवून पृष्ठभाग गुळगुळीत करणे आणि प्रत्येक पॅनल, म्हणजे दरवाजा, बोनेट असा बाह्यांगाचा एकेक भाग, प्रकाशात तपासणे यात तास जातात. पण गाडी परत देताना यांतले काहीच ग्राहकाला दिसत नाही. त्याऐवजी ग्लेझ, म्हणजे ओरखड्यांत भराव भरणारे चकाकीचे मलम, फासले की बारीक ओरखडे बुजतात आणि गाडी चकाकते. काही धुण्यांनंतर तो भराव निघून जातो आणि ओरखडे पुन्हा वर येतात.

म्हणून दुसऱ्या दुकानाचे नावही न घेता फरक ग्राहकाच्याच गाडीवर दाखवावा. मी बोनेटच्या मधोमध टेप लावतो, एका बाजूला पॉलिश करतो, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या द्रावणाने ती बाजू पुसून पॉलिशमधल्या तेलाचा अंश काढतो आणि दिवा तिरका धरतो. न केलेल्या बाजूला दिव्याभोवती ओरखड्यांचे कोळ्याचे जाळे उमटते आणि टेपच्या पलीकडे तोच प्रकाश स्वच्छ दिसतो. पुसून दाखवणे महत्त्वाचे आहे, कारण तेलानेही चमक येते आणि ती खरी नसते. हे पाहिल्यावर बहुतेक ग्राहक दराऐवजी कामाबद्दल प्रश्न विचारू लागतात. तरीही काही जण जातील. ज्याला केवळ स्वच्छ गाडी हवी आहे, त्याची निवड चूक म्हणता येणार नाही.

प्रतिसाद ३

शेवटच्या वाक्यातच एक उपाय दडलेला आहे, असे मला वाटते. पूर्ण काम स्वस्तात करण्याऐवजी काम लहान करून त्याचा दर लहान ठेवावा. बाहेरून सुरक्षित धुलाई, आतून व्हॅक्यूम, काचा आणि एक संरक्षक सीलंट असे ठरीव काम वेगळ्या नावाने ठेवावे, म्हणजे कमी पैशांत काय मिळते आणि काय मिळत नाही हे ग्राहकाला लेखी दिसेल. ‘संपूर्ण डिटेलिंग’ हा शब्द मात्र दरपत्रकातून काढून टाकावा. त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो आणि त्यामुळेच दोन वेगळ्या कामांची तुलना एकाच दरावर होते.

प्रतिसाद २

लहान कामाची सूचना योग्य आहे. फक्त त्यासाठी आठवड्यातले ठरावीक दिवस ठेवावेत, अन्यथा धुलाईच्या गाड्यांनी जागा अडते आणि कोटिंगच्या गाडीला आवश्यक असलेली धूळमुक्त व कोरडी जागा मिळत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. बोनेटचा प्रयोग मी निश्चित करीन. आणखी एक अडचण अशी की, काही गाड्या स्वस्तात पॉलिश करून घेतल्यानंतर माझ्याकडे येतात. रंगावर यंत्राचे वर्तुळाकार पट्टे असतात आणि मालक ‘तुम्ही नीट करून द्या’ म्हणतात. अशी गाडी घ्यावी का?

प्रतिसाद २

घ्यावी, पण मोजून. कारखान्यातून आलेल्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, आणि प्रत्येक घासणीत त्यातला थोडा भाग कायमचा जातो. जाडीमापकाने प्रत्येक पॅनलवर अनेक ठिकाणी, विशेषतः कडांजवळ, नोंद घ्यावी. साधे मापक केवळ धातूच्या पत्र्यावर चालते आणि सर्व थरांची मिळून एकूण जाडी सांगते. प्लास्टिकच्या बंपरवर त्याचा उपयोग नाही. त्यामुळे शेजारच्या पॅनलपेक्षा एखादी जागा बरीच पातळ आढळली, तर तिथे पॉलिश न करणेच उत्तम. पट्टे पूर्ण जाणार नाहीत, हे काम सुरू करण्यापूर्वी लिहून द्यावे आणि मालकाची सही घ्यावी.

आधी ते काम कोणी केले, याची चौकशी मी करत नाही. आकडे आणि छायाचित्रे समोर ठेवली की मालक स्वतःच सांगू लागतो, आणि पुढच्या वेळी तो गाडी सरळ आपल्याकडे आणतो, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद १

अशा गाड्यांसाठी तपासणीचे शुल्क वेगळे घ्यावे आणि काम आपल्याकडेच झाल्यास ते अंतिम रकमेतून वजा करावे. तपासणीलाही वेळ लागतो, आणि तो फुकट देत गेलात तर पहिल्या प्रतिसादातील हिशेब पुन्हा बिघडेल.