अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घ्यायची सवय: तुमचं काय मत?

अनुस्वार
सकाळी उठल्या उठल्या अ‍ॅसिडिटीची गोळी तोंडात टाकणारी माणसं आजूबाजूला इतकी झाली आहेत की हा विषय काढावासा वाटला. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल ही सगळी जठरातलं आम्ल दाबणाऱ्या एकाच गटातली औषधं. कधीतरी कुणीतरी दोन-चार आठवड्यांसाठी लिहून दिलेली असतात आणि मग वर्षानुवर्षं चालूच राहतात. का घेता, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "बंद केली की जळजळतं."

माझं मत स्पष्ट आहे. कारण माहीत नसताना ही गोळी रोज घेऊ नये. जठरातलं आम्ल उगाच तयार होत नाही. प्रथिनं फोडणारं पेप्सिन त्याच्यामुळेच कामाला लागतं, अन्नातलं ब-१२ जीवनसत्त्व त्यानेच सुटं होतं आणि तोंडावाटे गेलेले पुष्कळ जंतू तिथेच मरतात.

आणि "बंद केली की जळजळतं" हा गोळीची गरज असल्याचा पुरावा नाही. डेन्मार्कमधला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. १२० निरोगी माणसं, पोटाची कसलीही तक्रार नाही. त्यांतल्या निम्म्यांना आठ आठवडे याच गटातलं एसोमेप्राझोल दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी. औषध थांबल्यानंतरच्या महिन्यात पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी, अपचन असं काहीतरी झालं. दुसऱ्या गटात हेच प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे धडधाकट माणसांना गोळीनेच त्रास लावून दिला! आम्ल दाबलं की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवतं आणि जठराच्या पेशींना आणखी आम्ल करायला लावतं. गोळी थांबली की ते सगळं एकदम उसळतं. माणूस घाबरून पुन्हा गोळीकडे वळतो.

पानगळ
अजिबात सहमत नाही. असलं वाचून लोक औषध सोडतात आणि नको ते ओढवून घेतात.

तुम्ही १२० जणांचा प्रयोग सांगितलात, मी १७ हजारांहून जास्त रुग्णांचा सांगते. हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या लोकांना पॅन्टोप्राझोल देऊन साधारण तीन वर्षं पाहिलं. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. हाडं मोडणं, मूत्रपिंडाचे आजार, स्मृतिभ्रंश, न्यूमोनिया, ज्यांची भीती घातली जाते त्यातलं काहीही गोळी घेणाऱ्यांत ठळकपणे वाढलेलं दिसलं नाही. फक्त आतड्याचे संसर्ग थोडे जास्त झाले, १ टक्क्याच्या जागी १.४ टक्के. ही भीती पसरली ती बहुतेक जुन्या नोंदी चाळून केलेल्या अभ्यासांमुळे. रोज गोळी घेणारी माणसं मुळातच जास्त आजारी असतात, मग त्यांच्यात आजार जास्त सापडणारच.

अन्ननलिका आतून सोलवटली आहे, रात्री आंबट पाणी घशाशी येऊन ठसका लागतो, झोप मोडते, अशा माणसाला "आम्ल उपयोगी असतं" सांगून काय मिळणार आहे?

अनुस्वार
त्या माणसाने गोळी घ्यावीच, वाद त्याच्याबद्दल नाहीच. तुमच्या अभ्यासातल्या रुग्णांवर डॉक्टरांची नजर होती आणि काळ तीन वर्षांचा होता. मी बोलतोय ते कुणाचीच नजर नसताना दहा-पंधरा वर्षं घेणाऱ्यांबद्दल. फार दिवस घेतल्यावर काहींचं रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं, अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११ मध्येच तसा इशारा दिला आहे. ब-१२ चंही तेच. यांच्यातल्या किती जणांनी ते कधी तपासून घेतलं असेल?

सांजवेळ
मी पानगळ यांच्या बाजूने. माझे वडील सांधेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळी घ्यायचे, सोबत डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीची दिली होती. फोनवर फिरत आलेला एक निरोप वाचून त्यांनी अ‍ॅसिडिटीची बंद केली, दुखण्याची मात्र चालूच. घरात कुणाला पत्ता नाही. काही आठवड्यांनी शौचाला काळं, डांबरासारखं चिकट व्हायला लागलं. तेही त्यांनी सांगितलं नाही, थकवा आहे म्हणत राहिले. एका सकाळी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले तेव्हा कळलं. दुर्बिणीतून पाहिल्यावर जठरात व्रण निघाला, रक्त वाहत होतं, बाटल्या चढवाव्या लागल्या.

वेदनाशामक गोळ्या जठराच्या अस्तराचं संरक्षण काढून घेतात. ते काम ही दुसरी गोळी सांभाळत होती. "रोज घेऊ नका" असं सरसकट लिहिताना असे लोकही वाचतात हे लक्षात ठेवा, एवढीच कळकळीची विनंती.

दूरस्थ
तुम्ही तिघंही गोळीवर भांडताय, निदानाचं कुणीच काढत नाही!

जठराचा व्रण म्हणजे काळजी आणि तिखट खाणं, असं एके काळी डॉक्टरही मानत. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू त्यामागे असतो हे दाखवलं. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जिवाणू स्वतःच पिऊन घेतला आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. आज प्रतिजैविकांच्या साधारण चौदा दिवसांच्या उपचाराने तो जातो आणि बहुतेकांचा व्रण पुन्हा उलटत नाही.

आता खरी मेख. रोज गोळी घेत असाल तर श्वासाची किंवा शौचाची तपासणी "जिवाणू नाही" असं खोटंच सांगू शकते, म्हणून तपासणीआधी दोन आठवडे गोळी थांबवायला सांगतात. म्हणजे न विचारता घेतलेली गोळी आजार झाकतेच, वर तपासणीलाही चकवते. या एका मुद्द्यावर मी अनुस्वार यांच्या बाजूने.

पानगळ
हा मुद्दा मान्य. पण गोळीचा उपयोग होत नाही म्हणणारे बरेच जण ती चुकीच्या वेळी घेतात, हेही लिहायला हवं. जठराच्या पेशींतले आम्ल सोडणारे पंप जेवणाने जागे होतात आणि गोळी जागे असलेलेच पंप बंद करते. म्हणून जेवणाआधी अर्धा ते एक तास. जेवण झाल्यावर किंवा झोपताना घेतली की निम्मी वाया.

पथ्याचंही तसंच. दिसेल ते बंद करायची गरज नाही, ज्याला जे बाधतं त्याने ते टाळावं. वाढलेलं वजन उतरवणं, झोपेच्या तीन तास आधी जेवण उरकणं, पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उचलणं, डाव्या कुशीवर झोपणं, याने मात्र पुष्कळांना खरोखर फरक पडतो. नुसत्या उशा रचू नका, पोट दुमडतं आणि त्रास वाढतो.

अनुस्वार
सांजवेळ, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. स्पष्ट लिहितो: वेदनाशामक किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, अन्ननलिकेला इजा झाल्याचं निदान झालेलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी थांबवू नका. गिळताना अडकणं, वजन आपोआप उतरणं, काळं शौच, रक्ताची उलटी यांपैकी काही असेल तर गोळी चालू की बंद हा प्रश्नच नाही, तडक तपासणी. बाकीच्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारावं, की ही मला कशासाठी आणि कधीपर्यंत? थांबवायची ठरलीच तर मात्रा हळूहळू उतरवता येते. उसळी आली तर ती बहुधा काही आठवड्यांत ओसरते, तोवर तात्पुरतं अँटासिड, म्हणजे तयार झालेलं आम्ल शमवणारं साधं औषध, चालतं.

पानगळ
"विचारा" हे पटलं. पण ज्याला गोळीने शांत झोप लागते आणि तपासण्या नीट आहेत, त्याने ती थांबवून बघायलाच हवी, हे मला अजूनही मान्य नाही.