‘बाग डिस्ट्रॉय झाली’: नासधूस सांगायला आपले शब्द कमी पडतात का?

निफाडची_लेक:
नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी निफाड तालुक्यात गारा पडल्या, त्या रात्री धाकट्या भावाचा मेसेज आला, “ताई, बाग डिस्ट्रॉय झाली.” मी नाशकात होते, आमची द्राक्षबाग गावी. रात्रभर डोळ्यासमोर आडवा झालेला मांडव आणि मुळासकट उपटलेल्या वेली येत राहिल्या. सकाळी पोचले तर मांडव उभा. कोवळे घड झडले होते, पानांच्या चिंध्या झाल्या होत्या, पण काडीला, म्हणजे वेलीच्या फांदीला, घाव मोजकेच. अण्णा बांधावर उभे होते. मला पाहून एवढंच म्हणाले, “घड गेले, काडी वाचली.” द्राक्षवाल्याला यातला फरक समजावायला नको. घड गेले तर एक हंगाम जातो. वेल गेली तर पुन्हा खुंट लावा, कलम करा आणि फळाची वाट बघत वर्षं काढा.

डॅमेज, डिस्ट्रॉय, रुइन, डिझास्टर हे चार शब्द आपण सगळ्यावर फिरवतो. मोबाइलची काच डॅमेज, रस्ता डॅमेज, केससुद्धा डॅमेज. मराठीत भिंत खचली की पडझड, कांदा चाळीत सडला की नासाडी, घरातली माणसं चार दिशांना पांगली की वाताहत. प्रत्येक शब्दाला त्याची जागा आहे. ती आपण सोडतोय आणि मला ते मनापासून खुपतं.

कॉलेजरोडकर:
पटलं नाही. ‘नुकसान’ अरबी आहे. ‘बरबाद’ फारसी, मूळ अर्थ वाऱ्यावर गेलेलं. महसुली दप्तरात वस्ती न उरलेल्या गावाला ‘बेचिराख’ म्हणतात, तेही मुळात बेचिराग, म्हणजे दिवा नसलेलं. आपल्याला त्यात राख ऐकू आली आणि शब्द आपला झाला. इंग्रजांनीही आपल्याकडून ‘लूट’ नेली. पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून त्यांनी ‘जगरनॉट’ केला, वाटेत येईल ते चिरडत जाणारी ताकद या अर्थाने. शब्द असेच फिरतात. गारा पडत असताना पोराने कोणता शब्द वापरला याचा हिशेब मागणं मला कठोर वाटतं.

इंग्रजीच्या_बाई:
नाशिकरोडला बरीच वर्षं इंग्रजी शिकवते. दोघांशीही माझं पूर्ण जमत नाही. ताईंना वाटतं तशी इंग्रजी ढोबळ नाही. डॅमेज झालं म्हणजे वस्तू उरली आहे, बहुधा दुरुस्त होईल. डिस्ट्रॉय हा लॅटिनमधल्या ‘रचणे’ या धातूपासून आला, रचलेलं उकलून टाकणं. मग वस्तूच राहत नाही. रुइनच्या मुळाशी कोसळणं आहे, पण आज तो बहुतेक वेळा वस्तू जागेवर असून तिची किंमत गेली की वापरतात. शाई सांडली की साडी रुइन होते, डिस्ट्रॉय होत नाही. डिमॉलिश ठरवून केलं जातं. रेक (wreck) म्हटलं की फुटलेलं जहाज आठवावं. डेसिमेट तर रोमन सैन्यातली शिक्षा, दर दहांतला एक मारायची. आता ‘बहुतेक सगळे मेले’ या अर्थाने सर्रास चालतो आणि त्यावरून इंग्रजी वाचकही भांडतात.

म्हणजे त्या बागेत पीक रुइन झालं होतं, बाग डॅमेज झाली होती. इंग्रजी नीट आली असती तरी अण्णांचंच वाक्य निघालं असतं!

एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. कॅलॅमिटी हा शब्द जुने लॅटिन वैयाकरण ‘कॅलॅमस’शी, म्हणजे पिकाच्या काडीशी जोडत: गारांनी काडी मोडते ती कॅलॅमिटी. आजचे अभ्यासक ही व्युत्पत्ती मानत नाहीत. पण कॅलॅमस ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्यावरूनच अरबी ‘कलम’ आला. लिहिण्याचं कलम तेच आणि निफाडात खुंटावर बांधतात ते कलमही तेच.

रात्रपाळी_उपसंपादक:
मराठी शब्दांना तरी आम्ही कुठे सांभाळलं? दोन तास पाऊस झाला की ‘थैमान’, नाला तुंबला की ‘हाहाकार’. मी स्वतः असे मथळे दिलेत आणि आता त्याचं वाईट वाटतं. खरोखर गावं वाहून जातील त्या दिवशी लिहायला शब्द उरलेला नसेल. बोथट करणारे आपणच, शब्द कुठल्याही भाषेचा असो.

निफाडची_लेक:
बाईंचं मान्य, दोष उसनं अर्धवट घेण्याचा आहे. उपसंपादकांचंही मान्य. पण कॉलेजरोडकर, हा हट्ट केवळ भाषेच्या प्रेमापोटी नाही. सरकारी मदतीला ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान लागतं, २०१५ पर्यंत ५० टक्के लागायचं. पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा किती घड, किती काडी, मांडवाचे किती खांब, हे बोलावं लागतं. ‘सगळं डिस्ट्रॉय’ हे त्याच्या कागदावर कुठे लिहायचं?

पंचवटीतला_जुना:
आमच्याकडे पुराला विशेषणच लावत नाहीत. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पाणी त्याच्या कमरेला, छातीला, गळ्याला, एवढं सांगितलं की सराफ बाजारातला दुकानदार माल वर चढवायला घेतो. २०१९ ला डोक्यावरून गेलं होतं. हाहाकार कुणाला म्हणावा लागला नाही.

कॉलेजरोडकर:
मारुतीचं एकदम पटलं. पण ज्याने मांडव कधी पाहिला नाही त्याच्या तोंडी ‘काडी’ येणार कुठून? माझ्या वयाच्या पोरांना आधी बागेत न्या, मग शब्द मागा.

धाकटा_निफाड:
तो मेसेज माझा. बॅटरीच्या उजेडात फक्त पांढऱ्या गारा दिसत होत्या, काडी सकाळी दिसली. आणि ताई, पहिल्यांदा मी ‘बागेचं वाटोळं झालं’ असंच टाइप केलं होतं. अण्णा शेजारी बसले होते. तो शब्द घरात लिहवेना म्हणून खोडला आणि दुसरा टाकला.