हॉलमधल्या बे विंडोचं नक्की काय करायचं?

मुलुंडचा_भाडेकरू: मंडळी, मुलुंडमधे रिसेलचा २ बीएचके बघितलाय, बिल्डिंग २००८ ची. हॉलची खिडकी भिंतीबाहेर दोनेक फूट गेलीय, तीन बाजूंनी काचा, एजंट बे विंडो बे विंडो करत तेवढेही कार्पेटमधे (घराच्या आतल्या वापरायच्या जागेत) धरतोय. बायकोला तिथे बसायला सीट हवीय, आईला कुंड्या, मला खाली स्टोरेज. खरंच उपयोग होतो की नुसता शो?

कडाप्पा: आधी मंजूर प्लॅन बघा. खरी बे विंडो मूळ बांधकामातच बाहेर काढलेली असते, गोलाकार असली तर बो विंडो. आपल्याकडे बऱ्याचदा तो फ्लॉवर बेड, म्हणजे खिडकीबाहेरचा झाडांसाठीचा कट्टा असतो. तेव्हा फ्लॉवर बेड एफएसआयमधे (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्या हिशोबात) धरत नसत, म्हणून बिल्डरने सढळ हाताने दिले आणि लोकांनी पझेशननंतर खिडकी पुढे सरकवून आत घेतले. जानेवारी २०१२ ला नियम बदलले, ते मोजायला लागले आणि फंजिबल एफएसआय (प्रीमियम भरून मिळणारा जादा एफएसआय) आला. प्लॅनवर फ्लॉवर बेड असेल तर कार्पेटच्या रेटने एक रुपया देऊ नका, उद्या पालिकेची नोटीस आली तर एजंट फोनसुद्धा उचलणार नाही.

पार्लेकर_ताई: प्लॅन क्लिअर असेल तर सीट जरूर करा, आमच्याकडे सगळे तिथेच पडीक असतात 😄 उंची १८ इंच, खोली २० च्या आसपास, मरीन प्लाय. वर उघडणारं झाकण नको, दरवेळी गाद्या उचला मग चादरी काढा, त्यापेक्षा समोरून ड्रॉवर. मागच्या भिंतीला चिकटवू नका, पावसाळ्यात ओल धरते. आणि स्लायडिंगच्या ट्रॅकमधे पाणी जायला बारीक भोकं असतात ती कचऱ्याने बुजली की पाणी थेट गादीवर, जूनच्या आधी जुन्या टूथब्रशने साफ करायची. पश्चिमेची खिडकी असेल तर कापड फिक्या रंगाचं घ्या, गडद रंग उन्हाने विटतो.

मुलुंडचा_भाडेकरू: पश्चिमच आहे 😐 ताई, मुलगा तीन वर्षांचा आहे, ग्रिल नाहीये.

पार्लेकर_ताई: मग ग्रिलशिवाय सीट अजिबात नको, सीटवर चढला की खिडकी थेट त्याच्या छातीशी येते. आधी ग्रिल मग सुतार.

कडाप्पा: कुंड्यांचं पण बघा. तो स्लॅब बाहेर लटकता असतो, त्यावर कोबा, ग्रॅनाइट आणि ओल्या मातीच्या मोठ्या कुंड्या म्हणजे भरपूर वजन, स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय चढवू नका. तुळस, कढीपत्ता हलक्या प्लास्टिक कुंडीत, खाली ताटली. वॉटरप्रूफिंग गेलेलं असलं तर खालच्यांच्या सिलिंगला डाग दिसतील, टोकन द्यायच्या आधी खालच्या मजल्यावर जाऊन चहा पिऊन या.