नवीन वर्ग, ४८ मुलं, ओळख कशी करून घ्यायची?

प्रश्न
नमस्कार, मी यंदाच कोपरखैरणेला एका शाळेत लागलेय, सहावीचा वर्ग मिळालाय, ४८ मुलं आहेत. पहिल्या दिवशी एकेकाला उभं करून नाव, वडील काय करतात, मोठेपणी कोण होणार असं विचारत गेले, तर पाच-सहा जणांनंतर सगळे पोलीस नाहीतर डॉक्टर, आणि वडिलांच्या प्रश्नाला एक मुलगी नुसती मान खाली घालून उभी राहिली. मला इतकं वाईट वाटलं की पुढे कुणाला ते विचारलंच नाही. आता दुसरा आठवडा संपत आला, निम्म्यांची नावं पण येत नाहीत. तुम्ही काय करता?

घणसोलीकर
मॅडम, वडिलांचं सगळ्यांसमोर नकोच. आपल्याकडे माथाडी कामगारांची मुलं खूप, बाबा पहाटेपासून एपीएमसीच्या घाऊक बाजारात, दुपारी घरी येऊन झोपणार, मग एका खोलीत पोरं आवाज न करता बसून राहतात, हे उभं करून विचारल्यावर कोण सांगणार? मी पहिल्या आठवड्यात लिहून घेतो, सकाळी उठल्यापासून शाळेत पोचेपर्यंत काय काय केलंस, बस, शुद्धलेखन तपासत नाही. पाणी कोण भरतं, धाकट्याला अंगणवाडीत कोण सोडतं, उपाशी कोण येतं, सगळं त्यात येतं.

कळव्याची बाई
आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक, त्यामुळे ४८ नावं पटकन येत नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका ताई. महिनाभर जागा बदलू नका, बाकांचा नकाशा काढून टेबलावर ठेवा आणि हजेरी नंबरने नको, नावाने, त्या मुलाकडे बघून. खिचडी वाटताना तिथेच उभं राहायचं, कोण कुणाशेजारी बसतं आणि कोण रोज एकटं बसतं ते दिसतं.

दिघा
भाषेचं पण बघा. माझ्या वर्गात एक आगरी मुलगा 'मना नाय येत' म्हणाला आणि सगळे हसले, नंतर दिवाळीपर्यंत तो वर्गात बोलला नाही. मी तेव्हाच हसणाऱ्यांना थांबवायला हवं होतं.

प्रश्न विचारणारी
आज लिहून घेतलं. त्या मुलीने दीड पान लिहिलंय, आई चारला भाजी मार्केटला जाते, मग डबा हीच करते, भावाची वेणी... सॉरी, बहिणीची वेणी पण हीच घालते. आमची पालकसभा सकाळी ९ ला असते, उद्या सरांना संध्याकाळी ठेवता येईल का विचारते.